सुकलालभाऊंची सही

सुकलालभाऊंच्या टेबलावरचा मॉनिटर कधीच चालू नसायचा. नवा लागलेला माणूस पहिल्या दिवशी ते बघायचा, थोडा घुटमळायचा आणि मग मोठा उपकार केल्यासारखा वाकून बटण दाबायचा. तरी काही व्हायचं नाही, कारण भाऊंनी त्याची वायरच काढून ठेवली होती. मॉनिटरवर त्यांचा रुमाल वाळत असायचा. एका कानात इअरफोन, दुसरा कान ऑफिससाठी मोकळा, बोटं कीबोर्डवर आणि तोंड खिडकीकडे, असे ते बसलेले असायचे. एकदा आमचे मालक जिग्नेशभाई एका पार्टीला, म्हणजे गिऱ्हाइकाला, ऑफिस दाखवत होते. बंद स्क्रीनसमोर बसलेला माणूस बघून पार्टीने विचारलं, "आ भाई शुं करे छे?" भाऊ मान न वळवता म्हणाले, "भूलो शोधुं छुं, साहेब. सवारथी चौद मळी." ती चौदाही चुका त्याच पार्टीच्या ॲपमधल्या होत्या.

भाऊंना दिसत नव्हतं. सुरतेजवळ सचिन गावातल्या एका प्रोसेस हाउसमध्ये, म्हणजे कापड रंगवण्याच्या कारखान्यात, ते रंगखात्यात कामाला होते. सत्ताविसाव्या वर्षी डोळे गेले. ती गोष्ट ते दोन वाक्यांत संपवायचे. "डोळ्यांत कॉस्टिक उडालं. मालकानं रिक्षा करून दिली." तिसरं वाक्य मी कधी ऐकलं नाही, आणि विचारायची हिंमतही झाली नाही. मग कुठल्याशा संस्थेत ते कॉम्प्युटर शिकले, आणि चाळिशी गाठता गाठता आमच्याकडे आले.

आमची कंपनी लहान, उधन्याकडे, जरीच्या दोऱ्याच्या दुकानावर तिसऱ्या मजल्यावर. दवाखाने, शाळा, दुकानं यांच्यासाठी आम्ही ॲप बनवतो. मी टेस्टर. दुसऱ्यांनी केलेलं वापरून बघायचं आणि चुका काढायच्या. आमच्यात याला सासूचं काम म्हणतात. हल्ली बऱ्याच कामांत अट असते की ॲप अपंग माणसांनाही वापरता आलं पाहिजे. ते तपासायचं एक सॉफ्टवेअर मिळतं. अर्ध्या मिनिटात ते सगळी पानं चाळतं आणि हिरव्या टिका मारून शंभरपैकी मार्क देतं. जिग्नेशभाईंचा त्या हिरव्या रंगावर फार जीव. पण एका मोठ्या कामात अशी अट निघाली की दृष्टिहीन माणसाने स्वतः वापरून बघून सही केली पाहिजे. म्हणून भाऊंना घेतलं. ते त्यांनाही ठाऊक होतं. "मी अटीत उनू, आवडमा नही," असं ते मला म्हणायचे.

माझ्याशी ते अहिराणीतच बोलायचे. ते पारोळ्याकडचे, माझे वडील अमळनेरकडचे. मी इथेच सुरतेत, डिंडोलीत वाढलो, घराबाहेर अहिराणी बोलायची मला लाज वाटायची, म्हणून मी त्यांना आपला शुद्ध मराठीत उत्तर द्यायचो. त्यांना ते समजत होतं. कधी चिडले की मुद्दाम माझ्यासारखं बोलून दाखवायचे, "नितीनराव, आपण जेवलात काय?" आणि अख्खं ऑफिस हसायचं.

स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा जो आवाज असतो त्याला ते 'बाई' म्हणायचे. बाईचा वेग त्यांनी इतका वाढवून ठेवला होता की आम्हाला नुसता तेलात मोहरी तडतडल्याचा आवाज यायचा. पण नुसत्या बाईवर त्यांचा विश्वास नव्हता. कोणी आनंदाने येऊन सांगितलं, "भाऊ, शंभर मार्क आले, सगळं चालतं," की त्यांचा प्रश्न ठरलेला. "चालस ते मालेबी माहीत शे. कोनले चालस ते सांग."

त्यांची पहिली लढाई साड्यांवरून झाली. एका साडीवाल्याचं ॲप होतं. नियम असा की प्रत्येक फोटोला शब्दांत वर्णन हवं, म्हणजे बाई ते वाचून दाखवेल. आमच्या पोरांनी प्रत्येक फोटोला वर्णन दिलं, आणि तपासणाऱ्या सॉफ्टवेअरने शंभर मार्क दिले. भाऊंनी ॲप उघडलं, बाईचा वेग कमी केला आणि आवाज सगळ्यांना ऐकू येईल असा मोठा केला. बाई म्हणाली, "सुंदर साडी." पुढची, "सुंदर साडी." पुढची, "सुंदर साडी." त्यांनी एकही न गाळता पाव तास ते चालू ठेवलं. शेवटी साडीवाल्याचा माणूस, जो समोर बसला होता, तो हात जोडून म्हणाला, "बस करो, भाई." मग भाऊ त्याला घेऊन बसले आणि एकेका साडीचं वर्णन लिहून घ्यायला लागले. तो म्हणाला, निळी. भाऊ म्हणाले, "कसा निळा? मन्हा डोकामा चाळीस निळा शेत." त्या माणसाला चार सांगता येईनात. डोळे असलेला माणूस रंगांची नावं शोधत होता आणि भाऊ एकेक सुचवत होते, मोरपंखी का, रामा का, वांग्याच्या देठाकडे जातो का. रंगखात्यात दहा वर्षं काढलेली होती. त्या दिवशी त्यांचा चेहरा इतका उजळलेला होता की मला तो बघवेना.

आमच्या इमारतीच्या लिफ्टचीही त्यांच्याकडे एक गोष्ट होती. कुणा इन्स्पेक्शनच्या धाकाने सोसायटीने बटणांवर ब्रेल लावलं. आणि सुरतेत नव्या वस्तूवरचं प्लास्टिक कोण काढतो? उलट ब्रेल घासून जाऊ नये म्हणून सेक्रेटरीने वरून जाड पारदर्शक कव्हर ठोकलं. कागदावर ब्रेल होतं, डोळ्यांना दिसत होतं, फक्त बोटाला लागत नव्हतं. भाऊंनी तक्रार केली तर सेक्रेटरी म्हणाले, "पण लगाव्युं तो छे ने!" लावलं तर आहे ना! तेव्हापासून ऑफिसात आम्ही कुठलंही दिखाऊ काम केलं की भाऊ नुसतं म्हणायचे, "लगाव्युं तो छे ने." आणि जिना चढून यायचे.

ते काही संत नव्हते, हेही सांगून टाकतो. त्यांची खुर्ची कोणी चार बोटं हलवली तर दुपारपर्यंत तोंड फुगवून बसायचे. क्रिकेट चालू असलं की इअरफोनमध्ये बाई नसायची, कॉमेंट्री असायची, आणि पकडले गेले तर गुजरातीत शिवी हासडून आपणच ओरडायचे. पोरींनी केलेल्या कामात चुका जास्त काढतात असं दोघींनी तोंडावर सांगितलं, तेव्हा आठवडाभर कमी काढल्या, मग पुन्हा मूळ पदावर. पण सहीच्या बाबतीत मात्र त्यांचं वागणं एखाद्या जुन्या तलाठ्यासारखं कडक होतं.

डोळे गेल्यावर प्रत्येक कागदावर लोक त्यांचा अंगठा घ्यायला लागले. बँकेत, रेशनला, सगळीकडे. सातवीपर्यंत शिकलेला माणूस, त्यांना ते फार लागलं. त्यांनी साडीच्या बॉक्सचा पुठ्ठा घेऊन त्याला ब्लेडने एक लांबट फट पाडली. हा पुठ्ठा कागदावर बरोबर जागी ठेवायचा, फटीत पेन घालायचं, आणि सही सरळ ओळीत यायची. सु. हि. पाटील, आणि खाली एक रेघ. पुठ्ठा खिशात कायम. पण सही करण्याआधी कागद अख्खा वाचून दाखवायला लावायचे, मधली ओळ गाळली तर त्यांना कळायचं. जिग्नेशभाई वाचत असले तर दुसऱ्याकडून पुन्हा वाचून घ्यायचे. माझ्याकडूनही सुरुवातीला दोनदा वाचून घ्यायचे. मग एकदा. मग एके दिवशी मी वाचायला लागलो तर म्हणाले, "तू वाची लिधं ना? मंग व्हयनं." आणि पुठ्ठा माझ्या हातात दिला, मीच जागेवर ठेवावा म्हणून. मला तेव्हा किती मोठं झाल्यासारखं वाटलं होतं.

एका मोठ्या दवाखान्याचं ॲप आमच्याकडे आलं, तिथून पुढची ही गोष्ट आहे. गर्दीचा दवाखाना. नंबर घरून फोनवर घ्यायचा, हॉलमध्ये येऊन बसायचं, आणि आपला नंबर आला की फोनवर कळणार. आधी दारात एक शिपाई उभा राहून नंबर पुकारायचा. ॲप आलं की पुकारा बंद होणार होता. आम्ही काम पूर्ण केलं. सॉफ्टवेअरने शंभर मार्क दिले.

भाऊ म्हणाले, "कमळमावशीले बोलाव."

कमळमावशी लिंबायतला भाऊंच्या गल्लीत राहायच्या. साठीच्या, साखरेच्या आजाराने दोन्ही डोळे गेलेल्या, नवरा मागावर काम करता करता वारलेला. लेकीने दिलेला फोन त्या दोरीने गळ्यात अडकवायच्या. भाऊंची कुठल्याही ॲपची खरी परीक्षा मावशींच्या ओट्यावर व्हायची. मीही असायचो. तिथे माझ्यासाठी एकच नियम होता. मी बसलो की भाऊ म्हणायचे, "नितीन, हातवर बठ." आपलेच दोन्ही तळहात मांडीखाली दाबून बसायचं. समोरचा अडला, चुकला, रडकुंडीला आला तरी हात काढायचा नाही, तोंड उघडायचं नाही. "तू मदत करी का ॲप पास व्हस. अन् तू काय तिना घर ऱ्हास का?"

मावशींनी नंबर घेतला. अडखळत घेतला, पण घेतला. मला हायसं वाटलं. मग भाऊ म्हणाले, आता बसा मावशी, नंबर येईपर्यंत. मावशींनी फोन छातीवर सोडला, पदर त्यावरून ओढून घेतला आणि शेजारणीशी बोलायला लागल्या. स्क्रीन विझली. ऑफिसातून आमच्या पोराने नंबर पुढे ढकलला. मावशींच्या फोनवर संदेश आला, पदराआड, विझलेल्या स्क्रीनवर. बाई काही बोलली नाही. दोन मिनिटं झाली आणि ॲपने मावशींचा नंबर रद्द केला. मावशी आपल्या बोलतच होत्या. माझे हात मांडीखाली दुखायला लागले होते.

परत येताना भाऊंनी रिक्षात मला चुकांची यादी लिहायला लावली. बाकीच्या दहा बारीकसारीक होत्या. अकरावी ही. नंबर आला की फोन खणखणीत वाजला पाहिजे, तीनदा वाजल्याशिवाय नंबर जाता कामा नये, आणि तोवर पुकारा बंद करू नये. ते म्हणाले, "नियममा बसस हाई मी मान्य करस. संदेश शे, त्याले नाव शे, बाई वाची दाखाडू शकस. पन मावशीले फोन हातमा धरीसन तीन तास बठनं पडी. कोन बठस?"

दुरुस्तीला दोन आठवडे लागणार होते. दवाखान्याचं उद्घाटन शनिवारी होतं, पाहुणे ठरलेले, पत्रिका वाटलेल्या. जिग्नेशभाईंनी मला केबिनमध्ये बोलावलं. ते दुष्ट नव्हते, मीही नव्हतो, आणि यानेच सगळा घात होतो. ते म्हणाले, आत्ता सही होऊ दे, पंधरा दिवसांत नव्या व्हर्जनमध्ये ते घालू, पोरांना मी आजच सांगतो. "सुकलालभाई मारुं नहीं माने. तारुं मानशे. हवे तुं लीड छे, नितीन." त्यांचं नाही, माझं ऐकतील. आणि लीड, म्हणजे टेस्टरांचा प्रमुख, मी तोवर झालो नव्हतो. ते वाक्य ऐकेपर्यंत.

भाऊंना समजावायला मी गेलो होतो, हे मी अजून स्वतःला सांगतो. डबा उघडून ते बसले होते, कळण्याची भाकरी आणि ठेचा. माझ्या हातात दोन कागद होते. एक त्यांनी सांगितलेली अकरा चुकांची यादी. दुसऱ्यावर लिहिलं होतं की हे ॲप दृष्टिहीन परीक्षकाने स्वतः वापरून तपासलं आहे आणि ते दृष्टिहीन माणसांना अडचणीशिवाय वापरता येतं. मी तोंड उघडायच्या आत भाऊंनीच विचारलं, "यादी टाईप व्हयनी का?"

मी म्हणालो, "हो भाऊ. सहीला आणलीय."

त्यांनी बोटं पुसली. खिशातून पुठ्ठा काढून माझ्या हातात दिला. मी तो दुसऱ्या कागदावर ठेवला. त्यांनी फटीत पेन घातलं, सु. हि. पाटील, खाली रेघ. मग भाकरीचा तुकडा मोडून माझ्यापुढे धरला. "ले, ठेचा आज जमेल शे." मी तो खाल्ला. तिखट होता म्हणून डोळ्यांत पाणी आलं असं कोणी विचारलं असतं तर सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

पंधरा दिवसांनी नवं व्हर्जन निघालं नाही. दुसरं काम आलं. मी दोनदा आठवण दिली, मग दिली नाही. भाऊंना वाटत होतं की यादी गेली, ॲप अडलं, दुरुस्ती चालू आहे. मधून मधून विचारायचे, "अकरावीनं काय व्हयनं?" मी म्हणायचो, चालू आहे. अकरा चुकांची यादी माझ्या ड्रॉवरमध्ये होती.

याच काळात कमळमावशी सुरतेबाहेर चलथाणला लेकीकडे राहायला गेल्या. जावई साखर कारखान्यात, लेक शेतात मजुरीला. मावशींच्या पायाच्या अंगठ्याला जखम झाली. लेक त्यांना सकाळी बसने आणायची, दवाखान्याच्या हॉलमध्ये बसवून कामाला परत जायची आणि संध्याकाळी न्यायला यायची. पहिल्या दिवशीच मावशींनी खिडकीवरच्या माणसाला विचारलं होतं की हे फोनवरचं लिंबायतच्या सुकलाल पाटलाने पास केलं आहे का. त्याने मागे भिंतीकडे बघितलं. तिथे काचेच्या फ्रेममध्ये प्रमाणपत्र लावलेलं होतं. त्याने नाव वाचून सांगितलं, हो बा, सुकलाल पाटीलच. मावशी निर्धास्त बसल्या. फोन गळ्यात, पदर वरून. संध्याकाळी लेक आली तेव्हा खिडकीवरचा म्हणाला, "बा, नंबर तो नीकळी गयो. फरीथी लो." पुन्हा नंबर घ्या म्हणे. पुढच्या आठवड्यात तेच. त्याच्या पुढच्या आठवड्यातही तेच. तोवर बोटं काळी पडली होती. चौथ्या वेळी लेकीने कामावर खाडा केला आणि त्यांना हाताला धरून सरळ आत नेलं. पाय गुडघ्याखाली कापला.

भाऊ दवाखान्यात भेटायला गेले. मावशींनी तक्रार केली नाही, तो त्यांचा स्वभाव नव्हता. एवढंच म्हणाल्या, "माले कोन्ही हाकच मारी नही रे भाऊ. तुन्हं नाव ऐकीसन बठनू मी." भाऊ म्हणाले, माझं नाव तिथे असणं शक्य नाही. मग ते खाली हॉलमध्ये गेले, वॉचमनला गाठलं आणि भिंतीवरचा कागद वाचून घेतला. सवयीप्रमाणे दोघांकडून.

दुसऱ्या दिवशी ते नेहमीच्या वेळेला ऑफिसात आले. खुर्चीवर बसले नाहीत. माझ्या टेबलाशी आले, कड चाचपली आणि उभे राहिले. मावशींचं सगळं सांगितलं, आवाज न चढवता. मग म्हणाले, "त्या रोज तू मन्हापुढे काय ठेवं व्हतं?"

मी सांगितलं. खोटं बोलायला मला जागा होती, पण शक्ती नव्हती. मी म्हणालो, भाऊ, मला वाटलं पंधरा दिवसांत होईल. मी म्हणालो, मला माफ करा. मी म्हणालो, मी तो कागद रद्द करायला लावतो, माझी चूक आहे, तुमची नाही.

"चूक तुन्ही शे," ते म्हणाले. "पन सही मन्ही शे. मावशीनी तुन्हं नाव नही इचारं."

ते जिग्नेशभाईंच्या केबिनमध्ये गेले. आत काय झालं ते दारातून ऐकू येत होतं. भाऊ म्हणत होते, कागद परत मागवा. जिग्नेशभाई म्हणत होते की असा कागद परत मागवायची पद्धतच नाही, कंपनी बुडेल, बावीस जणांचं काय. "जोइशुं, सुकलालभाई, शांतिथी जोइशुं." म्हणजे बघू नंतर. भाऊ बाहेर आले. मॉनिटरवरचा रुमाल काढून घेतला, घडी केली, खिशात घातला. मी खाली सोडायला म्हणून उठलो. त्यांनी हाताने नको म्हटलं आणि जिन्याने गेले. तिसऱ्या मजल्यावरून त्यांच्या काठीचा आवाज तळापर्यंत मला ऐकू आला. ते पुन्हा आले नाहीत. फोन लावला तर उचलायचे नाहीत. लिंबायतला जायचं मी रोज ठरवायचो आणि रोज टाळायचो. मी कंपनीत राहिलो. लीड म्हणूनच. लाज वाटते, पण तसं झालं.

गेल्या हिवाळ्यात आईच्या डोळ्यात मोतीबिंदू निघाला. तिने त्याच दवाखान्याचं नाव काढलं, शेजारणीचं तिथेच झालं होतं. नाही म्हणायला माझ्याकडे कारण होतं, पण ते तिला सांगण्यासारखं नव्हतं. आम्ही गेलो. हॉल भरलेला होता. दाराजवळच्या बाकाच्या टोकाला भाऊ बसले होते.

आधी मला वाटलं, आजारी आहेत. दाढी वाढलेली, अंगावर ऑफिसातलाच फिकट निळा शर्ट. मग दारातल्या सिस्टर हळूच काहीतरी म्हणाल्या, आणि भाऊंनी उठून, मागावरचा माणूस ओरडतो तसं हॉलच्या दुसऱ्या टोकाला पोचेल असं पुकारलं, "सत्तानवे! सत्ताणुं! सत्त्याण्णव!" तीन भाषांत, मग पुन्हा तीन भाषांत. कोपऱ्यातून एक काठीवाला माणूस चाचपडत उठला. भाऊंनी आवाजाने त्याला दारापर्यंत आणलं. मी वॉचमनला विचारलं, यांना दवाखान्याने ठेवलंय का? तो म्हणाला, "ना रे. पोतानी मेळे आवे छे. रोज. पहेलां काढी मूकता, हवे कोई नथी काढतुं." म्हणजे आपणहून यायचे; आधी हाकलून द्यायचे, आता कोणी हाकलत नव्हतं. त्यांच्या डोक्यावरच, भिंतीवर ते प्रमाणपत्र होतं. काच स्वच्छ पुसलेली होती.

आई त्यांच्याच शेजारी जाऊन बसली, जागा तिथेच होती. मी समोर उभा राहिलो, हातभर अंतरावर. श्वाससुद्धा जपून घेत होतो.

"माय, कितला नंबर तुन्हा?" भाऊंनी विचारलं.

अहिराणी ऐकून आईचा चेहरा फुलला. "एकशे चार. पोऱ्यानं फोनवर काढी दिधा."

"संगे शे का पोऱ्या?"

"हाई काय, समोर उभा शे. कंपनीमा मोठा शे तो. हाईच काम करस, फोनवरलं तपासस. नितीन नाव शे."

भाऊंचे हात गुडघ्यांवर होते, ते तसेच राहिले. आईला वाटलं त्यांना ऐकू आलं नाही, तिने पुन्हा सांगितलं. "ऐकं, माय," ते म्हणाले. "फोन ठेवी दे. नंबर उना का मी सांगसू."

एकशे चार त्यांनीच पुकारला, तिन्ही भाषांत, आई शेजारीच होती तरी पूर्ण आवाजात. सिस्टर आईला हात धरून आत घेऊन गेल्या. बाकावर आईची जागा रिकामी झाली. मी बसलो नाही.

भाऊंनी मान थोडी वर केली. माझ्या चेहऱ्याकडे नाही, जिथून माझा आवाज यायचा त्या उंचीकडे.

"नितीन," ते म्हणाले, "ती अकरावी सुधारी का रे?"

मी म्हणालो, "नही, भाऊ."

त्यांनी मान हलवली, दाराकडे वळले आणि सिस्टरना विचारलं, "हवे केटलामो नंबर?"